फरशीखालचं तळं

फेब्रुवारीच्या सव्वीस तारखेला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या मागच्या अंगणातल्या नव्या कोऱ्या फरशीवर तीन बेडूक येऊन बसले. वेळ इतकी नेमकी सांगतोय, कारण तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होतो. एकतीस वर्षं मी ड्रायव्हिंगची परीक्षा घेणारा सरकारी परीक्षक होतो. वेळ, अंतर आणि समोरच्याची चूक टिपून ठेवायची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. सुटावी अशी माझी इच्छाही नाही.

तीन बेडूक ही काही फार मोठी घटना नव्हे. सफोक परगण्यातल्या आमच्या ऑल्डरफील्ड गावात थंडी सरत आली की ज्याच्या बागेत तळं आहे त्याच्याकडे बेडूक येतातच. अडचण एवढीच होती की आमच्याकडे तळं नव्हतं. ऑक्टोबरपर्यंत होतं. ऑक्टोबरात मी ते बुजवून घेतलं, वर वाळू पसरली, वाळूवर अठ्ठेचाळीस लाद्या बसवल्या आणि कोपऱ्यात एक बाक ठेवला. त्या बाकावर तोवर कोणी बसलेलं नव्हतं, कारण ऑक्टोबरापासून पाऊस थांबलेला नव्हता. ते तिघे फरशीच्या बरोब्बर मधोमध, जिथे पूर्वी तळं सगळ्यात खोल होतं तिथे, बसून होते. कामासाठी वेळेवर यावं आणि कचेरीच जागेवर नसावी, तसे त्यांचे चेहरे होते. बेडकाचा चेहरा नेहमी तसाच असतो, हे मला मान्य आहे.

माझी बायको डॅफ्नी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहाचा कप धरून उभी होती.

"आले," ती म्हणाली.

बस्स, एवढंच. पण जानेवारीपासून तिच्या तोंडून "टोस्ट करपला" आणि "कचऱ्याची गाडी उद्या" याखेरीज काही निघालेलं नव्हतं. त्यामुळे तो एक शब्द ऐकून मी घड्याळाची किल्ली अर्ध्यावरच सोडली.

तळं का बुजवलं हे सांगून टाकायला हवं, कारण गावात त्याबद्दल तीन वेगवेगळ्या गोष्टी फिरताहेत आणि तिन्हींत मी गाढव आहे. आमची मुलगी रोझलिन सहा वर्षांपासून न्यूझीलंडला असते. गेल्या ऑगस्टमध्ये तिचा फोन आला, की नाताळपर्यंत आम्ही तिघं कायमचे परत येतोय, घर मिळेपर्यंत तुमच्याकडेच राहू. तिघं म्हणजे ती, तिचा नवरा आणि फेलिक्स. फेलिक्स तेव्हा अडीच वर्षांचा होता. अडीच वर्षांचं मूल आणि दीड हात खोल पाणी एका कुंपणात असणं ही माझ्या हिशेबी सरळसरळ गंभीर चूक. मी डॅफ्नीला म्हटलं, तळं बुजवू या. एकोणीस वर्षं त्या तळ्याची निगा तिनेच ठेवली होती. ती जराशी थांबली आणि म्हणाली, "तुला योग्य वाटेल तसं कर, क्लिफ."

मला योग्य वाटेल तसं मी केलं. आमच्याकडे या वाक्याचा अर्थ 'हात तर लावून बघ' असा होतो, हे चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला कळायला हवं होतं. पण मी पडलो परीक्षक. समोरचा जे करील आणि म्हणेल ते लिहून घ्यायचं, त्याच्या मनात काय होतं ते विचारायचं नाही, हा आमच्या खात्याचा नियम. त्याच आठवड्यात डॅफ्नीने दुकानातून एक खोकं आणलं. त्यात मुलांना उन्हाळ्यात डुंबायला फुगवायचा निळा हौद होता, त्यावर हसरे देवमासे छापलेले. ते खोकं जिन्याखाली ठेवलं.

नाताळ आला आणि गेला. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी रोझचा फोन आला. जावयाची नोकरी तिकडेच पक्की झाली होती. "आई, आत्ता काही जमत नाही गं. पुढच्या वसंतात बघू." डॅफ्नी म्हणाली, "हो, हो, काही हरकत नाही, आम्ही अगदी मजेत आहोत." मग फोन ठेवून तिने दुपारभर ओव्हन घासला. ओव्हन स्वच्छच होता. तळं, हौद आणि फेलिक्स हे तीन शब्द त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी उच्चारले नाहीत.

आणि आता हे तीन बेडूक आले.

दुसऱ्या दिवशी नऊ झाले. तिसऱ्या दिवशी सतरा. बेडूक जिथे जन्मला त्याच पाण्याकडे परततो, वाटेत दुसरं पाणी लागलं तरी तिकडे वळत नाही, ही माहिती मला माझ्याच बायकोच्या वह्यांत मिळाली. एकोणीस वर्षांच्या एकोणीस वह्या. पहिला बेडूक कधी, पहिली अंडी कधी, शेपूट कधी गळली, सगळं तारीखवार. आमच्या गावातल्या दुकानात टपालाच्या खिडकीशेजारी एक पाटी असते, तिच्यावर दर वसंतात ज्याच्या तळ्यात सगळ्यांत आधी अंडी दिसतात त्याचं नाव आणि तारीख लिहिलेलं कार्ड टोचतात. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत, नुसतं कार्ड. पण त्या कार्डावरून दोन सख्ख्या बहिणी आठ वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. एकोणीसपैकी अकरा वर्षं त्या कार्डावर डॅफ्नीचं नाव होतं. यंदा ती दुकानात जायचं टाळत होती. दूध मीच आणायचो.

ऐन दुपारी फरशीवरून घुरघुर ऐकू यायची, लांबवर कोणी मोटारसायकल चालू करून निघून जायला विसरल्यासारखी. नर बोलावत होते. कुठे बोलावत होते आणि कशाला, देव जाणे. पाणी नव्हतंच. मी भांडी घासायचं प्लास्टिकचं घमेलं पाण्याने भरून मधोमध ठेवलं. त्यांनी त्याला वळसा घातला. अंघोळीचा टब चालला असता का, हे मी डॅफ्नीला विचारणार होतो, पण तिच्या पाठीकडे बघून धीर झाला नाही.

पहिल्या मार्चला शेजारचा डेसमंड कॅचपोल कुंपणावरून डोकावला. डेसमंड हा माणूस कुंपणाशिवाय मला तोवर कधी दिसलेलाच नव्हता. खांद्याखाली तो कसा आहे याची मला फारशी कल्पना नव्हती.

"क्लिफर्ड, तुझ्याकडे मोर्चा आलाय म्हणे."

"बेडूक आहेत."

"अरे, ते दिसतंय. मागण्या काय आहेत त्यांच्या?" स्वतःच्या विनोदावर डेसमंड खूप वेळ हसला. "हे बघ, माझं ऐक. बादलीत घाल आणि माझ्या तळ्यात आणून सोड. कारंजं आहे, कमळं आहेत, काय कमी आहे?"

"मासे आहेत."

"माझे मासे अतिशय प्रेमळ आहेत."

डेसमंडचे मासे नारिंगी आणि मांजराएवढे आहेत, आणि प्रेमळ कोणाशी असतील तर डेसमंडशी. त्याच्या तळ्यातली अंडी दरसाल नाश्त्याला जातात, म्हणून त्याचं नाव त्या कार्डावर आजवर एकदाही लागलेलं नाही. बेडूक हलवले तर यंदा तरी लागेल हा त्याचा डाव मला स्पष्ट दिसत होता. पण माणूस अडला की शहाणपण गुंडाळून ठेवतो. डॅफ्नी केस कापायला गेल्याची संधी साधून मी बावीस बेडूक मोजून बादलीत घातले आणि कुंपणावरून पलीकडे दिले. बेडूक पकडायला माझ्या वयाचा माणूस गुडघ्यांवर रांगताना कसा दिसतो, याचं वर्णन गावात पुरेसं झालेलं आहे. मी त्यात भर घालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर सव्वीस बेडूक होते.

"चार जास्त आहेत," मी कुंपणापाशी म्हणालो.

"माझेही आले की काय?" डेसमंडचा आवाज पडला. "तुझ्याकडे असं आहे तरी काय, क्लिफर्ड?"

माझ्याकडे वाळू आणि लाद्या होत्या.

तेव्हा मी ठरवलं, तळं परत खणायचं. ठरवलं म्हणजे मनात म्हटलं. डॅफ्नीला सांगितलं नाही, कारण तळं खणायचं याचा अर्थ फेलिक्स येणार नाही हे आपण मान्य केलं असा होत होता, आणि ते तिच्यासमोर उच्चारायची माझी छाती नव्हती. फरशी होती तोवर तो येणार होता. हा विचार मी इथे जितका सरळ लिहितोय तितका सरळ मला तेव्हा सुचला नव्हता. तेव्हा फक्त छातीवर कोणी लादी ठेवल्यासारखं वाटायचं.

फरशी घालणारा रॉय ग्रिमवेड म्हणाला, "मंगळवारी येतो. दुपारच्या जेवणापर्यंत खड्डा तयार."

"आणि परवानगी?"

"कसली?"

"फरशी घालताना पाण्याच्या निचऱ्याचा कागद मी कौन्सिलकडून आणला होता. आता फरशी उचलायची, म्हणजे त्या कागदाला बाध येतो. विचारायला नको?"

रॉयने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "मिस्टर स्टॅनर्ड, तुम्ही विचारलं नाही ना, तर दुसरं कोणीही विचारणार नाही."

याच वृत्तीपायी मी रॉयला त्याच्या तरुणपणी दोनदा नापास केलं होतं. आरशात न बघता वळायचा. मी त्याला म्हटलं, कागद येऊ दे, मग बघू. या एका वाक्याने पुढचं सगळं रामायण घडलं, आणि ते माझ्याच तोंडचं होतं.

कौन्सिलच्या नियोजन खात्याच्या खिडकीमागे मिसेस लॉरेन फिस्क बसल्या होत्या. मी त्यांना ओळखलं नाही. त्यांनी मला ओळखलं.

"मिस्टर क्लिफर्ड स्टॅनर्ड," त्या सावकाश म्हणाल्या. "बसा. पट्टा बांधायची गरज नाही."

तेव्हा मला आठवलं. पिवळी गाडी, चढावरचा चौक, तीनदा नापास. तिसऱ्यांदा त्या रडल्या होत्या, आणि मी त्यांना रुमाल देण्याऐवजी चुकांच्या कागदाची प्रत दिली होती.

त्यांनी माझा अर्ज संपूर्ण वाचला. पेन्सिलीने खुणा करत वाचला. "तुम्हाला तळं खणायचंय. चांगलं आहे. तसं बागेतल्या तळ्याला परवानगी लागत नाही."

"मग मी निघतो."

"पण तुम्ही विचारलंयत. आता अर्ज दाखल झाला. आता लागते." त्यांनी दुसरा कागद काढला. "त्या जागी तुरेवाले पाणसरडे आहेत का?"

तुरेवाला पाणसरडा म्हणजे पाठीवर तुरा असलेला, सरड्यासारखा दिसणारा पण तळ्यात नांदणारा एक प्राणी. तो दुर्मीळ आहे, त्याला कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्याच्यापायी आमच्या भागात एक रस्ता चार वर्षं अडून राहिला होता.

"त्या जागी फरशी आहे," मी म्हणालो.

"म्हणजे माहीत नाही." त्यांनी खूण केली. "पाहणी करावी लागेल. पाहणी मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत होते. पाहणी करणारा माणूस पाण्यात बघतो."

"पाणी नाही हो. पाण्यासाठीच अर्ज केलाय."

"पाणी नसेल तर पाहणी होत नाही. पाहणी झाली नाही तर परवानगी मिळत नाही." हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या, की अशी शांतता मी आयुष्यभर स्वतःच्या आवाजात ऐकत आलो होतो. "आणि मिस्टर स्टॅनर्ड, ऑक्टोबरात तुम्ही तळं बुजवलंत असं इथे लिहिलंय. तेव्हा पाहणी केली होती?"

मी अर्जाच्या माझ्या प्रतीची घडी घालू लागलो.

"ही गंभीर बाब असू शकते," मिसेस फिस्क म्हणाल्या. "तुम्हाला पत्र येईल. मग मी स्वतः येऊन बघीन."

कायद्याचा एकही स्वल्पविराम न मोडता सत्तरी गाठलेला मी, बाहेर पडलो तो संशयित म्हणून. गाडी मागे घेताना कौन्सिलच्या कुंडीला धक्का लागला. खिडकीतून कोणी पाहिलं का ते मी वळून बघितलं नाही, पण माझी खात्री आहे की पाहिलं.

सहा मार्चच्या पहाटे दंव पडलं. फरशी पांढरीफेक झाली. बेडूक बाकाखाली आणि कुंड्यांमागे सरकले होते, एक मात्र मधोमध तसाच राहिला होता, पाय ताठ. डॅफ्नी घरातल्या सपाता घालून बाहेर गेली, मासे उलटायच्या कालथ्याने तिने तो हलकेच उचलला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि करवंदासारख्या आंबट फळांचं आमचं झुडूप आहे त्याच्या मुळाशी पुरला. परत आली तेव्हा तिचे हात लाल झाले होते.

"मादी होती," ती म्हणाली. "पोटात अंडी होती. इतक्या लांबून आली आणि बसून राहिली वेडी." मग ती नळ सोडून हात धूत राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोणी सांगितलं नाही तिला."

मला इतकं वाईट वाटलं की मी चहा घेतला नाही. त्या दिवशी दुपारी कौन्सिलचं पत्र आलं. ते दोन पानी होतं आणि त्यात 'कथित' हा शब्द चार वेळा होता. मी ते नीट घडी करून माझ्या पॅडला लावलं. एकतीस वर्षं परीक्षेचे कागद ज्याला लावले तेच ते लाकडी पॅड, निवृत्तीच्या दिवशी मी मागून घेतलेलं. दुसऱ्या दिवशी मी ते पॅड बाकावर ठेवलं, गॅरेजमधून पहार आणली आणि आयुष्यातला पहिला बेकायदा प्रकार करायला सुरुवात केली.

पहिली लादी निघाली. तशी ती सहज निघाली. दुसरी लादी अर्धी वर आली आणि माझ्या कमरेत काहीतरी कट्‌कन वाजलं. मी आधी गुडघ्यांवर, मग कुशीवर आणि शेवटी उताणा, असा टप्प्याटप्प्याने खाली आलो. लादी खाली बसली. पाऊस सुरू झाला. मान फिरत नव्हती, त्यामुळे मला फक्त आभाळ आणि कुंपणाची वरची कड दिसत होती, आणि थोड्याच वेळात त्या कडेवर डेसमंड उगवला.

"आडवा झालायस होय? बरं केलंस. हलू नकोस. माझ्या मेव्हण्याची कंबर गेली तेव्हा तो हललाच, आणि अजून वाकडा चालतो."

"डेसमंड, डॅफ्नीला बोलव."

"बोलावतो. पण आधी गुडघे छातीशी घे. नाहीतर नकोच घेऊ. मेव्हण्याने घेतले होते."

माझ्या बाहीवर एक बेडूक चढला. दुसरा छातीवर येऊन बसला आणि घुरघुरू लागला. त्या अख्ख्या फरशीवर सगळ्यांत उबदार जागा मीच होतो. मी हललो नाही. हलता येत नव्हतं हे खरंच, पण आलं असतं तरी हललो नसतो असं मला वाटतं.

डॅफ्नी दारात आली. तिने मला पाहिलं, उचकटलेली लादी पाहिली, पहार पाहिली. 

"खणत होतास?"

"हो."

"परवानगी आली?"

"नाही."

ती आत गेली. मला वाटलं, डॉक्टरला फोन करतेय. जिन्याखालचं दार वाजल्याचं ऐकू आलं. ती बाहेर आली ती ते खोकं घेऊन.

पुढची वीस मिनिटं मी जमिनीवरून सूचना देत होतो आणि त्यांतली एकही कोणी ऐकली नाही. डेसमंड पहिल्यांदाच कुंपणाला वळसा घालून आमच्या अंगणात आला. त्याला पाय आहेत, आणि त्याने तांबड्या चौकटीची विजार घातली होती. त्याने पायपंप मारला, डॅफ्नीने झडप धरली, आणि निळा हौद हसऱ्या देवमाशांसकट माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर, तळ्याच्या बरोब्बर मधोमध, फुगत गेला. मग ती पिंपातलं पावसाचं पाणी झारीने आणू लागली. नळाचं आणलं नाही. नळाच्या पाण्यातलं औषध बेडकांना सोसत नाही, हे तिला एकोणीस वर्षांपासून माहीत होतं.

"भिंत उंच आहे," डेसमंड म्हणाला. "बेडूक चढणार कसे? शिडी लागेल."

डॅफ्नीने इकडेतिकडे पाहिलं. बाकावर माझं पॅड होतं. तिने कौन्सिलचं पत्र काढून चिमट्याने दोरीवर वाळत घातलं आणि पॅड हौदाच्या कडेला तिरकं टेकवलं.

"डॅफ्नी, ते सरकारी आहे," मी म्हणालो.

"गप्प पड," ती म्हणाली.

जानेवारीपासून ती मला रागावली नव्हती. चाळीस वर्षांत ते ऐकून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. आभाळाकडे बघत मी गप्प पडून राहिलो. माझ्या छातीवरचा बेडूक उतरला, माझ्या खांद्यावरून फरशीवर गेला, पॅडपाशी थांबला. मग एक पाय ठेवून वर चढला आणि डुबुक असा आवाज आला.

आठ मार्चला सकाळी हौदात अंडी होती. शाळेत आम्हाला दुपारी साबुदाण्याची खीर मिळायची, तिला आम्ही पोरं बेडकांची अंडीच म्हणायचो. त्यामुळे मला ती खीर कधी गेली नाही आणि अंडी बघून कधी आनंद झाला नाही. त्या दिवशी मात्र मी कमरेला गरम पाण्याची पिशवी बांधून खिडकीपर्यंत गेलो आणि खूप वेळ बघत राहिलो. डॅफ्नी कोट घालून दुकानात गेली. गावात तोवर कोणाकडेच अंडी नव्हती. ती परत आल्यावर मी विचारलं, "नाव लावलंस?"

"लावलं."

दोन दिवसांनी दूध आणायला गेलो तेव्हा कार्ड पाहिलं. त्यावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं : 'आठ मार्च. फेलिक्सचा हौद.' दुकानदारीण माझ्याकडे बघत होती. मी मोड परत न घेताच बाहेर आलो आणि मला परत जावं लागलं.

मिसेस फिस्क वीस तारखेला आल्या, हातात स्वतःचं पॅड घेऊन. त्यांनी हौदाभोवती दोन फेऱ्या मारल्या. उचकटलेल्या लादीपाशी थांबल्या. माझ्या पॅडवर नेमका तेव्हाच एक बेडूक बसला होता, त्याच्याकडे त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिलं.

"हे काय आहे?"

"मुलाचं खेळणं," डॅफ्नी म्हणाली. "माझ्या नातवाचं."

"नातू कुठाय?"

डॅफ्नी हौदात पडलेलं एक पान काढू लागली. मी पॅडवरच्या बेडकाकडे बघितलं. मिसेस फिस्कनी आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर विचारला असता, हे मला तिथेच उभ्या उभ्या कळलं, आणि फार बरं वाटलं नाही. डॅफ्नीने आतून एकोणीस वह्या आणल्या. मिसेस फिस्क बाकावर बसल्या. त्या बाकावर बसणारं ते पहिलं माणूस. एकोणीस वर्षांत त्या तळ्यात एकही तुरेवाला पाणसरडा दिसल्याची नोंद नव्हती.

"खेळण्याला परवानगी लागत नाही," त्या उठून म्हणाल्या. "जुन्या प्रकरणात दखल घेण्यासारखं काही नाही. परीक्षा संपली, मिस्टर स्टॅनर्ड. गाडीतून उतरण्यापूर्वी निकाल सांगते. तुम्ही पास झालात. किरकोळ चुका चौदा."

ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पंधरापर्यंत चालतात. एक चूक हातची राखून त्यांनी मला सोडलं होतं. मला त्यांचा रुमाल आठवला. जो मी दिला नव्हता तो.

"मिसेस फिस्क," मी म्हणालो, "त्या तिसऱ्या वेळी..."

"चढावर गाडी मागे गेली होती. तुमचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वेळी कृपा करून काही विचारायला येऊ नका."

एप्रिलमध्ये रोझचा व्हिडिओ कॉल आला. डॅफ्नीने फोन अंगणात नेला आणि हौदावर धरला. पाण्यात शेकडो काळे ठिपके शेपट्या हलवत होते. पडद्यात फेलिक्सचं कपाळ तेवढं दिसत होतं.

"आजी, हा कोणाचा हौद?"

"तुझा."

"मग ते का पोहतायत?"

"तू येईपर्यंत मी त्यांना वापरायला दिलाय."

फेलिक्सने विचार केला. "चालेल," तो म्हणाला. "पण देवमासे माझे."

मग फोन रोझकडे गेला. ती नाक ओढत होती. "आई, पुढच्या वसंतात नक्की बघू हं."

"हो, हो," डॅफ्नी म्हणाली. "काही हरकत नाही."

त्या वेळी मी डॅफ्नीच्या शेजारीच उभा होतो. शब्द तेच होते, जानेवारीतलेच. या खेपेला मी ते लिहून घेतले नाहीत, नुसते ऐकले. मायलेकींना एकमेकींचं म्हणणं पहिल्यापासून समजलेलं होतं. न समजलेला असा घरात मी एकटाच होतो.

जूनच्या शेवटी बोटाच्या पेराएवढे बेडूक पॅडवरून खाली उतरून गवतात निघून गेले. पॅडचं लाकूड फुगून त्याचे पापुद्रे सुटले आहेत. डॅफ्नीने हौद रिकामा केला, फडक्याने पुसला, एकेका देवमाशावरून हात फिरवून कोरडा केला आणि घडी करून खोक्यात घातला. फरशीवर त्याचा हिरवा गोल डाग उरला. उचकटलेली लादी अजून भिंतीला टेकून होती.

"ही परत बसवू?" मी विचारलं.

ती डागाकडे बघत होती. "तुला योग्य वाटेल तसं कर, क्लिफ."

मी आत गेलो आणि रॉय ग्रिमवेडला फोन लावला.

"फरशी उचलायचीय," मी म्हणालो. "सगळी. आणि खाली तळं खणायचंय."

"कागद आला?"

"नाही. विचारलंच नाही."

पलीकडे रॉय टोपी काढून घालत असणार. "पण मिस्टर स्टॅनर्ड," तो म्हणाला, "तुमचा नातू यायचा होता ना? लहान पोर, म्हणून बुजवलं होतं ना आपण?"

डॅफ्नी दारात येऊन उभी होती, खोकं काखेत धरून.

"नाही येणार तो," मी म्हणालो. मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं. जानेवारीपासून हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं. डॅफ्नीने मान हलवली, खोकं जिन्याखाली ठेवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"बरं," रॉय म्हणाला. "किती खोल घेऊ?"

मी डॅफ्नीकडे पाहिलं.

"होतं तेवढंच," ती म्हणाली.